मदत हवी आहे: मेनफ्रेमवरच राहावं की जावाकडे वळावं?

नमस्कार मंडळी. कराडला इंजिनिअरिंग करून कॅम्पसमधून लागलो आणि ट्रेनिंगनंतर वाट्याला कोबोल आलं, म्हणजे मेनफ्रेमवरची (बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकांवरची) जुनी प्रोग्रामिंग भाषा. तेव्हापासून हिंजवडीत एका परदेशी बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. भाषा 1959 सालची, पण खात्यांवरचं व्याज, स्टेटमेंट असं रात्रीचं सगळं बॅच (एकगठ्ठा होणारी कामं) तिच्यावरच चालतं. मध्यरात्री जॉब 'सॉक सेव्हन'ने (आकड्याच्या जागी भलताच डेटा आल्याच्या एररने) अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की डंप (त्या क्षणाची मेमरीची नोंद) उघडून आकड्यांच्या फील्डमध्ये स्पेस कुठून घुसली ते शोधायचं. हे काम मला मनापासून आवडतं.

आता बँक हळूहळू जावा आणि क्लाउडकडे निघाली आहे. मॅनेजर म्हणतात, जुनं जाणणारी माणसं मायग्रेशनला लागणारच. पण बाहेरच्या जाहिराती बघाव्यात तर सगळीकडे स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क). घराचा हप्ता चालू आहे, फ्रेशरच्या पगारावर नव्याने सुरुवात परवडणार नाही. माझ्या मते बँकिंगची समज हीच खरी कमाई, भाषा शिकता येते. पण मुलाखतीत हे कोणी धरतं का?

तुमच्यापैकी कोणी मेनफ्रेममधून बाहेर पडलंय का? आधी जावा पक्कं केलंत, की मायग्रेशनच्या कामातूनच वळलात? पगारात किती फरक पडला? पुण्यात शनिवार-रविवारचा चांगला क्लास माहीत असेल तर तोही सांगा.