धोरणाच्या ठरावासोबत पैशाची तरतूद

या चर्चेत एका सदस्याने लिहिले आहे की, पालिकांनी मंजूर केलेली गृहनिर्माण धोरणे कागदावरच राहतात, कारण तिजोरीत पैसा नसतो. यात तथ्य आहे. पण ऑस्ट्रियाच्या राजधानीचा, व्हिएन्नाचा दाखला पाहिल्यास प्रश्न पैशापेक्षा अधिकाराचा अधिक आहे, असे मला वाटते.

पहिल्या महायुद्धाने कंगाल केलेल्या त्या शहराने 1923 मध्ये पाच वर्षांत 25,000 घरे बांधण्याचा ठराव केला, आणि 1934 पर्यंत 60,000 हून अधिक घरे उभी केली. त्यापूर्वी कामगारांच्या इमारतींत नळ आणि शौचालय घराबाहेर, मजल्यावरच्या सामायिक मार्गिकेत असे, अगदी आपल्या चाळींसारखे. नव्या घरांत ते आत आले आणि खिडक्या मोठ्या अंगणाकडे उघडू लागल्या. हे शक्य झाले, कारण 1922 मध्ये व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला होता आणि कर बसवण्याचा अधिकार हाती आल्यामुळे वित्तप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी घरबांधणीसाठीच राखून ठेवलेला चढत्या दराचा कर लागू केला, ज्याचा मोठा भार आलिशान घरांवर पडला आणि लहान घरांवर नाममात्र.

जमिनीचेही तसेच. महागाईच्या काळात भाव पडले असताना शहराने मोठ्या प्रमाणावर जमिनी विकत घेतल्या. म्हणून कोणत्याही पालिकेचे धोरण वाचताना मी घरांच्या आकड्याआधी दोन गोष्टी शोधतो: पैसा कोणत्या करातून येणार आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे.