मोटरशर्यतींतील अचानक द्रव्यचाचणी: नियम न्याय्य आहे का?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझा भाचा गेली दोन वर्षे दुचाकींच्या राष्ट्रीय शर्यतींत नवख्यांच्या गटात उतरतो आहे. आमचे स्वतःचे गॅरेज असल्याने गाडीचे काम घरच्या घरी होते. पण आपल्या खान्देशात शर्यतीचा ट्रॅक नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीसाठी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जावे लागते. यंदाच्या नोंदणीच्या कागदांत उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीस संमती देणारे एक पान होते. त्यावर सही करताना तो थांबला आणि म्हणाला, "मामा, मी साधी सुपारी खात नाही. मग कोणीही, कधीही येऊन माझ्यासमोर बाटली धरावी आणि मी त्याच्या देखत लघवीचा नमुना द्यावा, हे बरोबर आहे का?"

मला त्याचे चटकन उत्तर देता आले नाही. शेजारून सुसाट जाणारा स्वार शुद्धीत आहे याची खात्री प्रत्येकाला हवी असते, हे मला समजते. अमेरिकेतील नॅसकार या मोटारशर्यतींच्या संघटनेत पूर्वी संशय आला तरच चाचणी होत असे. ॲरन फाइक या चालकाने २००८ मध्ये कबूल केले की शर्यतीच्या दिवशीही आपण हेरॉइन घेतले होते. म्हणजे संशयावर अवलंबून राहिल्याने तो सुटला होता. २००९ च्या हंगामापासून तेथे चिठ्ठी काढावी तशी कोणाचीही चाचणी सुरू झाली. पण शंकेला जागा नसताना झडती घेणे हे तत्त्व म्हणून मला अजूनही खटकते.

दुसरी अडचण अशी की लघवीत अंश सापडणे आणि गाडी चालवताना नशेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोमाश एंगे या चेक चालकाने २००२ मध्ये फॉर्म्युला ३००० चे विजेतेपद मैदानात मिळवले आणि गांजाचा अंश आढळल्यामुळे गमावले. ते सेबास्तियां बूर्दे याच्याकडे गेले. महाशिवरात्रीला घेतलेल्या भांगेचा अंश पुढे कित्येक दिवस लघवीत निघू शकतो, मग ही शिक्षा नशेची झाली की सणाची?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लोहमार्ग (भुसावळ) यांचे उत्तर

गिरणाकाठ भाऊ, मी निवृत्त लोको पायलट आहे. ड्युटीवर चढताना लॉबीत दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारायची आणि उतरताना पुन्हा मारायची, हा आमचा नित्यक्रम होता. सुरुवातीला जुन्या मंडळींना तो अपमान वाटला, पण महिनाभरात त्याचे काही वाटेनासे झाले, कारण कालचा पोरगा आणि तीस वर्षे नोकरी झालेला माणूस एकाच रांगेत उभे राहत होते.

तुमच्या भाच्याला एवढेच सांगा की खरा अपमान संशयावरून होणाऱ्या चाचणीत असतो. संशय कोणाचा घ्यायचा हे कोणीतरी ठरवणार, आणि ठरवणाऱ्याच्या मनात ज्याच्याविषयी अढी असेल त्याचेच नाव वारंवार निघणार. चिठ्ठीला अढी नसते. अट एकच, की ती खरोखर चिठ्ठी असावी आणि काढताना कोणीतरी त्रयस्थ तेथे हजर असावा.

मात्र तुमची दुसरी शंका मला पटते. एकदा पोट बिघडले म्हणून मी घरून कुमारीआसव घेऊन निघालो आणि यंत्राने आकडा दाखवला. मला चूळ भरायला लावून काही वेळ बसवले, नंतर पुन्हा फुंकर मारायला लावली, तेव्हा शून्य आले आणि मी गाडी घेऊन निघालो. श्वासाचे यंत्र आत्ताची स्थिती सांगते आणि चूक झाली तर ती तेथल्या तेथे दुरुस्त होते. लघवीचा नमुना मागच्या कित्येक दिवसांची वही उघडतो आणि त्याचा निकाल दूरच्या प्रयोगशाळेतून येतो. दोन्हींना एकच माप लावू नये, असे माझे मत आहे.

पांझरा (धुळे) यांचे उत्तर

मी वकिली करतो, त्यामुळे थोडे लांबण लागेल. माझ्या मते वाद चुकीच्या जागी घातला जातो आहे. नाव चिठ्ठीने निघाले यात अन्याय नाही. अन्याय झाला तर तो नाव निघाल्यानंतरच्या टप्प्यांवर होतो, आणि म्हणून चाचणीचा नियम वाचताना मी पुढील गोष्टी पाहतो: बंदी असलेल्या द्रव्यांची यादी आधी प्रसिद्ध झाली आहे का, दुसरा नमुना स्वतंत्रपणे तपासला जातो का, निकाल पक्का होण्यापूर्वी नाव जाहीर होते का, आणि दाद मागायची ती कोणाकडे.

नॅसकारचा चालक जेरेमी मेफिल्ड याचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मे २००९ मध्ये नॅसकारने त्याला निलंबित केले. त्याच्या नमुन्यात मेथॲम्फेटामाइन आढळल्याचे सांगण्यात आले. त्याचे म्हणणे होते की ॲलर्जीची गोळी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲडेरॉल हे ॲम्फेटामाइनयुक्त औषध एकत्र घेतल्याचा हा परिणाम आहे. १ जुलैला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि त्याला पुन्हा शर्यतीत उतरण्याची मुभा मिळाली. २४ जुलैला वरिष्ठ न्यायालयाने तो आदेशच रोखला. मे २०१० मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला, कारण चालक म्हणून करार करताना दावा दाखल करण्याचा हक्क सोडल्याच्या कलमावर त्याची सही होती. तो दोषी होता की नव्हता यावर मी काही म्हणत नाही. पण ज्या काळात नॅसकारने चालकांच्या हाती बंदी असलेल्या द्रव्यांची निश्चित यादी दिलेली नव्हती, त्या काळात शिक्षा मात्र निश्चित होती, हे कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याला खटकावे.

तेथेच तीन वर्षांनी ए. जे. ऑलमेंडिंगरला २०१२ च्या जुलैत डेटोनाच्या शर्यतीला काही तास उरले असताना बाजूला काढले गेले. दुसरा नमुनाही ॲम्फेटामाइनचाच निघाला, संघाने त्याला १ ऑगस्टला सोडले, आणि सुधारणेचा ठरलेला कार्यक्रम पूर्ण करून तो १८ सप्टेंबरला परत पात्र ठरला. पुढे २०१४ मध्ये त्याने वॉटकिन्स ग्लेनची शर्यत जिंकली. नियम कठोर असूनही परत यायला वाट होती, म्हणून मला हा नमुना पहिल्यापेक्षा बरा वाटतो. नाव मात्र पहिल्या नमुन्यावरच जगभर झाले होते.

आता आपल्याकडचे पाहू. दुचाकींची जागतिक संघटना आणि मोटारींची जागतिक संघटना एफआयए या दोन्ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, संहिता मानतात. भारतात चाचण्यांचे काम नाडा ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था करते आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला आहे. या व्यवस्थेत यादी दरवर्षी प्रसिद्ध होते, नमुना खेळाडूसमोर 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांत सीलबंद होतो, आणि दाद लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत नेता येते. कागदावर हे नॅसकारच्या त्या वेळच्या नियमांपेक्षा कितीतरी सरस आहे. गोम आहे ती पुराव्याच्या भारात. द्रव्य शरीरात सापडले की जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले हे त्यानेच सिद्ध करायचे. मोटोजीपी या दुचाकींच्या जागतिक शर्यतमालिकेतला स्वार आंद्रेया यान्नोने याने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मलेशियातील सेपांगला दिलेल्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड आढळले. तेथे खाल्लेल्या मांसातून ते आले असावे, हे त्याचे म्हणणे संघटनेच्या शिस्तपालन न्यायालयाने मान्य करून १८ महिन्यांची बंदी घातली. लवादाने मात्र तेच म्हणणे पुराव्याअभावी नाकारले आणि बंदी चार वर्षांची केली. आपल्या महाराष्ट्राला तर नरसिंग यादवचे उदाहरण पाठ आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाला २०१६ मध्ये नाडाने कटाचा बळी मानून मोकळे केले आणि रिओत उतरल्यावर लवादाने चार वर्षे बाहेर बसवले. जेवलेल्या ताटाचा पुरावा काही महिन्यांनी कोण आणि कसा उभा करणार?

भांगेबाबत सांगायचे तर एंगेच्या काळापेक्षा नियम शहाणा झाला आहे. २०१३ मध्ये मर्यादा मिलीलिटरला १५ नॅनोग्रॅमवरून १५० वर नेली गेली, म्हणजे जुना पुसटसा अंश आता सहसा अडकवत नाही. २०२१ च्या संहितेनुसार असे द्रव्य स्पर्धेबाहेरच्या काळात घेतले गेले आणि त्याचा कामगिरीशी संबंध नव्हता हे दाखवता आले, तर बंदी तीन महिन्यांची असते आणि मान्य उपचार पूर्ण केल्यास ती एक महिन्यावर येऊ शकते. तरीही महाशिवरात्रीनंतर लगेच शर्यत असेल तर भाच्याला दूधच द्या.

सातपुडा (शहादा) यांचे उत्तर

पांझरा दादांनी कायदा सांगितला. माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून मी गल्ल्यावरून दिसणारी बाजू मांडतो. आपल्या भागातला स्वार हेरॉइनमुळे अडकण्यापेक्षा सर्दीच्या गोळीमुळे अडकण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा फिनाइलेफ्रिन असते, त्याला बंदी नाही. पण काहींत स्यूडोएफेड्रिन असते, आणि स्पर्धेच्या काळात त्याला ठरावीक प्रमाणापलीकडे बंदी आहे. पाकिटे शेजारी शेजारी असतात आणि नावांत एखाद्या अक्षराचाच फरक असतो. दुखण्यासाठी सर्रास दिले जाणारे ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद आहे. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाची धडधड आणि हाताची थरथर कमी करतात, त्यामुळे त्यांना मोटारींच्या शर्यतीत मनाई आहे. दुचाकींचे नाव त्या यादीत नाही, पण तुमच्यापैकी कोणी वयस्कर गृहस्थ हौसेने कारच्या रॅलीत उतरत असतील तर त्यांनी आधी आपली गोळी पाहावी.

माझ्या मते नियमातली खरी असमानता ही आहे. मोठ्या संघातल्या स्वाराबरोबर स्वतःचा डॉक्टर असतो. आमच्या पोराला तालुक्याला सुई मिळते, आणि सुईत काय होते हे विचारायची पद्धत नाही. विचारले तर डॉक्टरांचा अविश्वास केल्यासारखे वाटते. औषध खरोखर आवश्यक असेल तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट मिळवता येते, पण हे माहीत असायला हवे. अमेरिकेचा जेम्स स्टुअर्ट हा मोटोक्रॉसमधला मोठा विजेता. २०१४ मध्ये डॉक्टरांनी दिलेले औषध घेत असूनही सूट घेतलेली नसल्यामुळे त्याला १६ महिने बाहेर बसावे लागले. जेथे त्याचे हे झाले, तेथे यावल-रावेरच्या पोराने काय करावे?

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा भाऊ, तुमचे सुईविषयीचे वाक्य वाचून मी भाच्याला लगेच बोलावून विचारले. सरावात पडल्यावर मनगट सुजले होते, तेव्हा त्याने एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरली. त्याला आज १२ दिवस झाले. शर्यत आणखी २० दिवसांनी आहे. हे स्टेरॉइड असेल तर काय करावे?

सातपुडा (शहादा)

एका रात्रीत सूज उतरली म्हणजे बहुधा तेच. २०२२ पासून अशी सर्व इंजेक्शने स्पर्धेच्या काळात बंद आहेत, स्पर्धेबाहेर नाहीत. मात्र शरीरातून ती निघून जायला किती दिवस धरायचे हे औषधावर अवलंबून असते. स्नायूत दिलेले डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असेल तर वाडा किमान पाच दिवस धरते, म्हणजे तुम्ही मोकळे आहात. ट्रायामसिनोलोन असेल तर ६० दिवस धरते, आणि तुमचे एकूण होतात ३२. उद्याच दवाखान्यात जाऊन औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख लेटरहेडवर लिहून घ्या.

गिरणाकाठ (जळगाव)

आज जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण रजिस्टर काढून लिहून दिले: डेक्सामेथासोन, एकच मात्रा. कागद भाच्याच्या हेल्मेटच्या पिशवीत ठेवला आहे. संमतीच्या पानावर त्याने सही केली. मात्र पांझरा दादांनी सांगितल्यावरून त्याआधी दाद मागण्याचे कलम त्याने मला दोनदा वाचून दाखवायला लावले.