नव्या अँटिबायोटिकचे पैसे खपावर ठरवू नका

सूक्ष्मदर्शी:
प्लाझोमायसिन या अँटिबायोटिकला जून २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गावर ते चालतं. एप्रिल २०१९मध्ये ते काढणाऱ्या अकाओजेन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध फसलं नव्हतं, खप नव्हता. आणि तो नसावा अशीच आपली इच्छा असते! नवं अँटिबायोटिक राखून ठेवायचं, जुनी हरली की बाहेर काढायचं. मग त्यात पैसा घालणार कोण? नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीनेही २०१८मध्ये अँटिबायोटिकचं संशोधन सोडलं.

माझं म्हणणं, सरकारांनी अशा औषधाला वर्षाची ठरावीक रक्कम द्यावी, मग एक कुपी लागो की हजार. इंग्लंडने २०२२मध्ये सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम या दोन अँटिबायोटिकसाठी हेच केलं, प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत.

रोखठोक:
साफ असहमत. तुम्हीच नाव घेतलेलं सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम बघा. अमेरिकेत मान्यता २०१५ची आणि त्याला न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला या जंतूची नोंदही २०१५चीच. जनतेचा पैसा ओतून मिळालं काय? तोच पैसा शुद्ध पाणी, लसी आणि रुग्णालयातल्या स्वच्छतेवर घाला. संसर्गच झाला नाही तर औषध लागतंच कुठे?

सूक्ष्मदर्शी:
लसी हव्यातच, त्यावर वाद नाही. पण आयसीयूत आज जो रुग्ण आहे, ज्याच्या रक्तातला जंतू कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकांनाही बधत नाही, त्याला काय देणार? बऱ्याचदा कोलिस्टिन हे जुनं अँटिबायोटिकच उरतं. ते मूत्रपिंडांना इजा करू शकतं. त्यातही २०१५मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हा जनुक सापडला, कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा. तो प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर बसलेला, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा. २०१९मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यांना स्वच्छतेचा सल्ला देऊन भागलं नसतं.

पेट्रीडिश:
दोघंही पैशावर अडलात, खरी अडचण आधी जंतूच्या भिंतीशी आहे. क्लेब्सिएलासारख्या, ग्रॅम-निगेटिव्ह म्हणवणाऱ्या जंतूला बाहेरून आणखी एक पटल असतं. बहुतेक रेणू तिथेच अडतात, जे आत शिरतात त्यांना पंप बाहेर फेकतात. ग्लॅक्सो या औषध कंपनीने १९९५ ते २००१ या काळात सुमारे ७० लक्ष्यांवर, म्हणजे जंतूत औषधाने मारा करायच्या जागांवर, रसायनांचे साठे चाळले. पुढे नेण्याजोगं हाती लागलं फक्त पाच ठिकाणी.

सेफिडेरोकॉलची युक्ती मला म्हणूनच फार आवडते. ते लोहाला चिकटतं. जंतूला लोह हवंच असतं, त्यामुळे तो औषध स्वतःच आत ओढून घेतो. असं डोकं लढवणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात आणि कंपनी बुडाली की ती पांगतात. पैसा या माणसांना टिकवायला हवा, औषध तयार होण्याच्या कितीतरी आधीपासून.

रोखठोक:
हे पटतं. तरी ठरावीक रकमेला माझी अट राहील: औषध गरीब देशांतही मिळालं पाहिजे. प्रतिरोधाचा सर्वाधिक मार तिथे बसतो आणि नवी औषधं तिथेच सर्वांत उशिरा पोचतात.

सूक्ष्मदर्शी:
अट मान्य, ती अशक्यही नाही. सेफिडेरोकॉल १३५ देशांत पोचवण्यासाठी ते बनवणाऱ्या शिओनोगी कंपनीने २०२२मध्ये करार केलाच आहे. माझी खरी तक्रार दुसरी आहे. एकट्या इंग्लंडच्या रकमेवर कंपनी तगत नाही. अमेरिकेत अशाच योजनेचं पाश्चर विधेयक २०२०मध्ये पहिल्यांदा आलं आणि नंतर पुन्हा पुन्हा मांडावं लागलं. सगळ्यात मोठी बाजारपेठ आपला वाटा उचलत नाही, तोवर पुढचं अकाओजेन कोण, एवढंच विचारायचं उरतं.