खो-खोच्या सरावात फोनचं ट्रॅकिंग भलत्याच मुलीच्या मागे जातं, काय करू?

खुंटापाशी:
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका गावात शाळा सुटल्यावर मी मुलींना खो-खो शिकवते. त्यातली एक आठवीतली मुलगी फार सुंदर पळते. साखळी धरली की बसलेल्या आठही जणींमधून अशी नागमोडी जाते की बघत राहावं. पण दोन-अडीच मिनिटं झाली की हमखास सहाव्या-सातव्या चौरसापाशी बाद होते. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण तिला ते पटत नाही. तिचं पळणं तिलाच दाखवावं म्हणून भिशीच्या पैशांतून जिंबल, म्हणजे फोन धरून मोटरने फिरणारा दांडा, घेतला.

ॲपमध्ये तिच्याभोवती बोटाने चौकट ओढली की जिंबल तिच्यामागे फिरतो. मैदानात ती एकटी धावली तर झकास चालतं. खेळ सुरू झाला की चौकट पाच सेकंदही टिकत नाही. ती बसलेल्या मुलीच्या आडून गेली आणि तेवढ्यात मागून खो बसला, की चौकट उठलेल्या मुलीला जाऊन चिकटते. सगळ्यांचे टी-शर्ट पिवळे, पँट निळ्या. काल तर अर्धा डाव कॅमेरा खुंटाजवळ बसलेल्या मुलीवरच खिळून होता.

फोनमधलं 'मोशन ट्रॅकिंग फोकस'ही चालू करून पाहिलं. चौकट दिसते, पण चित्र हलत नाही. माझं काही चुकतंय का?

लग्नाचे शूटिंग:
ताई, तुमचं काही चुकत नाहीये. ट्रॅकिंग या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं खपतात, त्यामुळे हा घोळ होतो.

मोशन ट्रॅकिंग फोकस फक्त फोकस धरून ठेवतं, कॅमेरा फिरवत नाही. दहा-पंधरा मीटरवरून साध्या लेन्सने घेतलं तर फोनच्या छोट्या सेन्सरमुळे सगळं मैदान तसंही स्पष्टच येतं, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. दुसरं ऑटो फ्रेमिंग, काही सॅमसंग फोनमध्ये असतं ते. त्यात फोन जागचा हलत नाही, मोठ्या चित्रातला माणसाभोवतीचा तुकडा कापून दाखवतो. तिसरं तुमच्या जिंबलचं, ज्यात मोटर खरोखर फिरते. ॲपलनेही 2023 मध्ये आयओएस 17 सोबत डॉककिट आणलं, त्यात फिरणारा स्टँड फोनच्या सांगण्यावर वळतो.

तिन्हींत माणूस ओळखायची रीत साधारण सारखीच. रंग, आकार आणि मागच्या क्षणी तो कुठे होता, यावरून पुढचा अंदाज. तुमच्या मैदानावर रंग सारखे, उंची सारखी, आणि मुलगी दर दोन पावलांना कुणाच्या तरी आड जाते. ती पुन्हा दिसेपर्यंत तिथेच दुसरी पिवळी मुलगी उभी राहिली, की अंदाज तिच्यावर बसतो. सरावापुरतं तिला टी-शर्टवरून लाल बिब, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, घाला. चौकट चेहऱ्याभोवती नको, डोक्यापासून पायापर्यंत ओढा. चेहरा धरला असेल तर तिने पाठ फिरवताच सुटतो.

नऊ मिनिटं:
मी वीस वर्षं खो-खोत आहे, म्हणून जरा वेगळं सांगतो. लाल बिबने ट्रॅकिंग टिकेलही, पण मग तुम्हाला फक्त ती मुलगी दिसेल. ती बाद का होते ते तिच्यात दिसणार नाही. आक्रमक मध्यपाटी, म्हणजे मुली बसतात ती दोन खुंटांमधली पट्टी, ओलांडू शकत नाही आणि एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळू शकत नाही. संरक्षकाचा सगळा खेळ आक्रमक कुठे आहे, कुठल्या तोंडाने चाललाय आणि पुढची बसलेली मुलगी कुठे तोंड करून आहे यावर असतो. हे सगळं एका चित्रात हवं.

फोन पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, एका खुंटाच्या मागे, मध्यपाटीच्या सरळ रेषेत बांधा आणि हलवूच नका. वरून पाहिल्यावर बसलेल्यांची आड येत नाही आणि नागमोडी वळणं दोन्ही बाजूंना स्वच्छ दिसतात. बाजूने घ्यायचं तर 27 मीटर लांबी मावायला मुख्य लेन्सने वीसेक मीटर मागे जावं लागतं, तेवढी जागा शाळेत कुठली? व्हिडिओ 4के मध्ये घ्या. त्यातला अर्ध्या रुंदीचा तुकडा कापला तरी फुल एचडी राहतो, म्हणजे हवी ती मुलगी घरी बसून मोठी करता येते.

आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलींचे व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

खुंटापाशी:
सर, मनापासून आभार. पालकांशी आधीच बोलले आहे, व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये राहतात.

काल गॅलरीच्या कठड्याला सुतळीने फोन बांधला, खाली घडी घातलेला टॉवेल. जिंबल घरीच ठेवला. पूर्ण डाव घेतला आणि रात्री तीनदा पाहिला. मी इतके दिवस तिला 'दमतेस, वेग कमी होतो' म्हणत होते. वेग कमी होतच नाही! सहाव्या चौरसाआधी ती उजव्या खांद्यावरून मागे बघते, दर वेळी उजव्याच. आक्रमक डावीकडून येत असली तरी उजवीकडेच. तेवढ्यात पुढची मुलगी खो घेऊन समोरून उठते आणि हिला ती दिसतच नाही.

मीच चुकीचं सांगत होते, याचं फार वाईट वाटलं.

एक विचारायचं होतं, 4के ने फोन भरत चाललाय. काय करता तुम्ही?

लग्नाचे शूटिंग:
60 ऐवजी 30 फ्रेमवर ठेवा. आयफोनच्या सेटिंगमध्ये 4के चं मिनिटाला 60 फ्रेमला 400 एमबी आणि 30 फ्रेमला 170 एमबी असं लिहिलेलं असतं. तुमच्या फोनवर एक मिनिट घेऊन फाइल केवढी होते बघा. बाद होण्याआधीचे वीस सेकंद तेवढे ठेवा, बाकीचं पुसा.

खुंटापाशी:
तसंच करते. आज तिला तो तुकडा दाखवला. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्यांदा पाहताना तिने स्वतःच बोटाने थांबवला, खांदा वळलाय तिथेच, आणि म्हणाली, "बाई, ही समोरची मला दिसलीच नव्हती." मग उठून मैदानावर गेली आणि सहाव्या चौरसापाशी उभी राहून डावीकडे मान वळवायचा सराव करत बसली. अंधार पडला तरी येईना.

नऊ मिनिटं:
तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला नक्की घेऊन या ताई. आमच्या मुली समोर असतील.