कॉक्लियर इम्प्लांट करायचंय, पण उरलेला खर्ज वाचेल का?

जवारीवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, वय 53. तीस वर्षं तंबोऱ्याच्या कामात आहे. भोपळा, दांडी, तबली हे सगळं दुसरे करतात. माझ्याकडे येतं ते शेवटचं काम, तारा चढवायच्या आणि जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून आणि तारेखाली सूत बसवून तारेचा आवाज खुलवायचा.

दहा-बारा वर्षांपासून वरचे आवाज जात गेले. आधी कुकरची शिट्टी, मग मोबाइलची रिंग, मग नातीचं बोलणं. आता डाव्या कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या टेस्टचा आलेख, असा (आकडे डेसिबलचे, जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं): 250 हर्ट्झला 30, 500 ला 45, 1000 ला एकदम 85, आणि 2000 च्या पुढं नुसते खाली जाणारे बाण, म्हणजे काहीच नाही. उजवा जरा बरा आहे, पण उतार तोच. दोन्ही कानांना श्रवणयंत्राचं मशीन आहे. आवाज येतो, शब्द येत नाहीत. डाव्या कानानं, मशीन लावून, 100 पैकी 28 शब्द ओळखले.

माझी पंचाईत अशी. काळी एकचा तंबोरा लावला तर जोडीच्या तारा 138-139 हर्ट्झला वाजतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 ला. (पोरानं मोबाइलवर मोजून दाखवलं.) हे मला आजही मशीन काढून ऐकू येतं. जवारी खुलते ती मात्र वरच्या स्वरांनी, ते गेले. घोडीवर सूत सरकवताना मी बोट टेकवून थरथर बघतो आणि पोरगा समोर बसून "हं" म्हणाला की थांबतो. असं चाललंय चार वर्षं.

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात तार बसवायची, ती आवाज विजेनं पोचवते. एका डॉक्टरांनी सांगितलं, "इम्प्लांट करा, उरलेल्याचं काय घेऊन बसलात, मशीन सगळं ऐकवेल." दुसरे म्हणाले, "उरलेलं वाचवायचा प्रयत्न करू, गॅरंटी नाही." कुणी केलंय का हे? खर्ज खरंच राहतो का? उगाच गोडगोड नको, खरं सांगा.

गुळवेल_प्रेमी

दादा, ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. तिळाचं तेल कोमट करून रोज रात्री दोन थेंब. आमच्या काकांना फरक पडला.

पौड_रोडची

वरच्यांच्या काकांच्या कानात मळ असणार. आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की तेलानं उगवत नाहीत. असो.

जवारीवाले दादा, मी केलंय. 2021 साली, उजव्या कानाचं. मी 47 वर्षांची, बँकेत काउंटरला असते. माझाही असाच डोंगरकडा होता, 250 ला 35, पुढं घसरण. तुम्ही खरं मागितलंत म्हणून सगळं सांगते.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा घाबरले ती उगाचच. पट्टी सुटली तेव्हा त्या कानात काहीच नव्हतं, पिंपात डोकं घातल्यासारखं. पडद्यामागं रक्त-पाणी साचतं, ते आटेपर्यंत आवाज आत पोचत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यात "गेलं" म्हणून रडू नका. महिन्याभरानं टेस्ट केली तर 250 ला 50. म्हणजे 15 डेसिबल गेले होते, बाकी होतं.

स्विच-ऑन तीन आठवड्यांनी. आधी फक्त इम्प्लांट चालू केलं. अहो शेजारी बसून बोलत होते आणि मला पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाटत होतं. मग काही दिवसांनी कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बसवला. त्याच प्रोसेसरमधून, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरच्या यंत्रातून, खालचे आवाज साध्या श्रवणयंत्रासारखे कानात सोडतात आणि वरचे विजेनं. मोल्ड बसला आणि वाटाण्यांच्या त्या आवाजाला एकदम बूड आलं. अहोच बोलतायत हे कळलं. मोल्ड नसताना शब्द कळायचे, माणूस कळायचा नाही.

हे सात महिने टिकलं.

आमच्या सोसायटीत सकाळी सहाला पाण्याची मोटर लागते. मी प्रोसेसर रात्री काढून ठेवते, पण ती मोटर मला उघड्या कानानं यायची, खालून घुंsss असा. तोच माझा गजर. डावा कान उशीत दाबून झोपायची सवय, त्यामुळं ऐकायचा तो ऑपरेशनचाच कान. एक दिवस जाग आली तर उजाडलेलं, मोटर नाही. लाइट गेली असेल म्हणून गॅलरीत गेले. खाली वॉचमन काका पाइपनं जास्वंदीला पाणी घालत होते, पाण्याला चांगला जोर होता. मी तिथंच उभी राहून उजव्या कानावर हात ठेवला, काढला, ठेवला, काढला. काही फरक नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. थोडं परत आल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं. डॉक्टरांच्या हातून काही चुकलं नव्हतं. आत वायर ही परकी वस्तू, शरीर तिच्याभोवती व्रणासारखी जाळी विणतं, आणि ते महिन्यांनी होऊ शकतं.

शब्दांचं म्हणाल तर नुकसान झालं नाही. मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरची जुळणी, बदलून खालचे आवाजही इम्प्लांटवर घेतले, दोन-तीन महिन्यांत कान सरावला. बँकेत मास्कवाले, पान खाऊन बोलणारे, सगळे कळतात. गेलं ते मशीन काढल्यावरचं ऐकणं. आंघोळीला गेल्यावर दार वाजलेलं, रात्रीचा पाऊस. हे कुठल्या टेस्टमध्ये मोजत नाहीत. तरी परत विचारलं तर मी ऑपरेशन करेनच म्हणेन. पण मी तंबोरे लावत नाही, हे लक्षात घ्या.

ऑडिओ_नाशिक

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारा, आहे, सर्जन नाही, त्या मर्यादेत लिहितो.

कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानाचा ऐकणारा भाग, गोगलगायीच्या शंखासारखी, अडीच-पावणेतीन वेढ्यांची. दाराशी उंच आवाज, टोकाला खर्ज. तुमची दाराशी असलेली बाजू मेलीय आणि टोक जिवंत आहे. इम्प्लांटची तार दारातूनच आत जाते, म्हणून टोकाला धक्का न लावता काम होऊ शकतं, अशी ही सगळी कल्पना आहे. धक्का लागतो तो असा: तार मधल्या पातळ पडद्याला खरवडते किंवा तो फाडून वरच्या कप्प्यात शिरते, घाईनं ढकलल्यानं आतल्या द्रवात दाब चढतो, हाडाचा चुरा नाहीतर रक्त आत पडतं. म्हणून चांगले सर्जन शक्यतो राऊंड विंडोतून, म्हणजे कॉक्लियाच्या दाराशी असलेल्या पडद्याच्या खिडकीतून, जातात, भोक लहान ठेवतात, आतला द्रव सक्शननं ओढत नाहीत, तार मऊ आणि बारीक घेतात आणि ती अगदी सावकाश सरकवतात. सोबत स्टेरॉइड. काही ठिकाणी तार सरकवताना कानात आवाज सोडून कॉक्लियाचा विद्युत प्रतिसाद पडद्यावर बघतात. तो अचानक पडला की हात थांबवतात.

आता मुख्य मुद्दा, तारेची लांबी. आखूड तार टोकापर्यंत जातच नाही, म्हणून खर्ज वाचायची शक्यता जास्त. पण खर्ज गेलाच, तर आखूड तारेवर एकट्यानं भागवावं लागतं आणि आवाज पातळ, चिरका वाटू शकतो. 2014 साली अमेरिकेत एफडीए या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं हायब्रिड एल24 या आखूड तारेच्या इम्प्लांटला मान्यता दिली, तिची तार सोळा मिलिमीटरच्या आसपास. त्या चाचणीत 50 जण होते. बहुतेकांचं शब्द ओळखणं सुधारलं. पण 22 जणांचं त्या कानातलं खालच्या पट्टीचं ऐकणं जवळजवळ पूर्ण गेलं, आणि त्यातल्या 6 जणांनी पुन्हा ऑपरेशन करून नेहमीचं इम्प्लांट बसवून घेतलं. तेव्हा सर्जनना "वाचेल का" एवढंच विचारू नका. "नाही वाचलं, तर ही तार मला पुरेल का?" हे विचारा. बारीक पण लांब तारा आता मिळतात, 24 ते 28 मिलिमीटरच्या, त्यांचा पर्याय मांडायला सांगा.

आणि जवारीबद्दल स्पष्ट बोलतो. निरोगी कानात आतल्या ओळीच्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. इम्प्लांटच्या तारेवर कंपनीप्रमाणे 12, 16 किंवा 22 इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारे ठिपके. बोलणं त्यात बसतं. जवारी बसत नाही. तुमच्या पोराचं "हं" लागणारच.

हनोवरकर

इथं जर्मनीत राहतो, मुलाचं इम्प्लांट इथंच झालं म्हणून थोडं वाचलंय. हलक्या हातानं ऑपरेशन करण्याची पद्धत 1993 मध्ये लेनहार्ट यांनी मांडली, ते आमच्या हनोवरचे. एकाच कानात वीज आणि आवाज दोन्ही वापरायची कल्पना फ्रँकफुर्टच्या फॉन इल्बर्ग यांची, 1999. म्हणजे पंचवीसएक वर्षं झाली तरी अजून कुणी गॅरंटी देत नाही. पहिल्या डॉक्टरांचं "काय घेऊन बसलात" मला पटलं नाही. ऐकणं फार उरलं नसलं तरी हात हलकाच हवा, आतलं जेवढं शाबूत तेवढं बरं. सर्जनना विचारा, तुमच्या पेशंटांचं खालचं ऐकणं एक वर्षानंतर किती उरतं? पहिल्या महिन्याचा आकडा घेऊन काय करणार, पौड रोडच्या ताईंचाही महिन्याला छानच होता.

जवारीवाला_मिरज

सगळ्यांचे आभार. ताई, तुमची मोटर वाचून काल रात्री झोप आली नाही. उठून दुकानात गेलो, मशीन काढलं आणि पांढरी चारचा जुना तंबोरा घेऊन बसलो. एकदा नुसत्या डाव्या कानानं ऐकला, उजव्यात बोट घालून. मग उलट. खर्ज दोन्हीकडं येतो, पण उजव्यात तो गोल आहे, डाव्यात कडा तुटलेला. हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं, दोन्ही कान मिळून एकच समजत होतो.

म्हणून विचारतो, फक्त डाव्याचं करून उजवा जसा आहे तसा ठेवला तर?

ऑडिओ_नाशिक

मी तेच सुचवणार होतो. वाईट कानात इम्प्लांट, बऱ्या कानात श्रवणयंत्र, असं पुष्कळ जण वापरतात. डाव्यातला खर्ज गेला तरी उजव्यातला तुमच्याकडे राहतो. मात्र उजवा स्वतःच्या गतीनं आणखी खाली येऊ शकतो, दर सहा महिन्यांनी तपासा. ऑपरेशनआधी न्यूमोकॉकलची लस घ्यायला विसरू नका, मेंदूज्वराचा धोका टाळायला ती देतात.

पौड_रोडची

दादा, डावाच करा. पैशाचं आधी बघून ठेवा. सरकारी योजना मुख्यतः लहान मुलांसाठी आहेत. माझ्या विम्यानं अर्ध्याहून जास्त दिले, पण पॉलिसी हातात घेऊन आधी भांडावं लागलं.

जवारीवाला_मिरज

डॉक्टर दुसरेच ठरवले, "प्रयत्न करू" म्हणणारे. एक वर्षाचा आकडा विचारला तर त्यांनी वही काढून दाखवली, त्यावरच मन बसलं. तार लांब पण बारीक घ्यायची ठरली. ताई, मोल्डचं एक सांगा, आमच्याकडं एप्रिल-मेला दुकानात पत्रा तापतो, घामाचं काय करता?

पौड_रोडची

मोल्ड दुपारी काढून पुसायचा आणि रात्री सगळं सुकवणीच्या डबीत. माझ्या मोल्डला नळी होती. नळीत घामाचा थेंब अडकला की सगळं गेल्यासारखं होतं आणि पोटात गोळा येतो. आधी नळी फुंकून बघा, मग डॉक्टरांना फोन करा. मी दोनदा उलट केलंय.