गोव्याच्या ‘संगाथ’ने सेवा उभी केली की केवळ पुरावा?

मांडवीकाठ:
गोव्यातील ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘डॉक्टरांशिवाय मानसोपचार’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. तो या संस्थेच्या इतिहासावर अन्याय करणारा आहे असे मला वाटते.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली संगाथ सुरू केली, तेव्हा तिचा भर मुलांच्या विकासातील अडचणी आणि कुटुंबांना मार्गदर्शन यांवर होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून अस्तित्वात होता, पण जिल्हा पातळीवरची योजना १९९६ मध्येच आणि तीही मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘झोप लागत नाही, अंग ठणकते, कशात जीव रमत नाही’ असे सांगणाऱ्या बाईला जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाई. तिच्याशी बोलायला कोण बसणार, हा प्रश्न संगाथने धसास लावला.

‘मानस’ म्हणजे ‘मनशांती सुधार शोध’ या प्रकल्पात वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिने प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले गेले. औषध लिहायला केंद्राचे डॉक्टर होते आणि अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून येत. डॉक्टर वगळले गेले नव्हते, त्यांच्या शेजारी एक खुर्ची वाढवली गेली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांनी नैराश्य आणि चिंतेचे ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. हा सेवेचाच इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

पंचगंगा:
मी बावीस वर्षे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि संगाथबद्दल मला आदर आहे, तरीही आपल्याशी सहमत होता येत नाही. आपण त्याच अभ्यासातील दुसरी अर्धी बाजू सांगितली नाही. अभ्यासात बारा सरकारी केंद्रे होती, तसे बारा खासगी दवाखानेही होते. तेथे समुपदेशकासह ६४.१ आणि समुपदेशकाविना ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, म्हणजे काहीच फरक पडला नाही. जो फॅमिली डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो, घरात कोण आजारी आहे हे जाणतो आणि दोन मिनिटे जास्त बसवून घेतो, त्याने तेच काम वेगळ्या समुपदेशकाशिवाय केले असावे असा मी याचा अर्थ लावतो. मग सरकारी केंद्रातल्या डॉक्टरची गर्दी कमी करणे, रिक्त पदे भरणे, हा उपाय आधी का नको?

दुसरे असे, की हे सारे नैराश्य आणि चिंता यांपुरते आहे. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, जो जेवणात विष आहे म्हणून ताट भिरकावतो, त्याच्यासाठी अखेर गोव्यातले बांबोळीचे मनोविकार रुग्णालयच लागते. काही केंद्रांत काही वर्षे अभ्यास करणे आणि अहवाल प्रसिद्ध करणे याला मी संशोधन म्हणेन, सेवा नाही.

सातारकर:
पंचगंगा सर, आवाज ऐकू येणे, विषाचा संशय येणे अशी लक्षणे असलेल्या स्किझोफ्रेनिया या आजाराबाबत आपले विधान अपुरे आहे. संगाथ, स्किझोफ्रेनियावर काम करणारी चेन्नईची ‘स्कार्फ’ आणि आमच्या साताऱ्यातील ‘परिवर्तन’ या संस्थांनी २८२ रुग्णांसोबत घरोघरी जाऊन केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील उपचारांना घरी येणाऱ्या कार्यकर्त्याची जोड दिल्यावर लक्षणे आणि परावलंबन थोडे कमी झाले. ‘थोडे’ हा शब्द मी जाणून वापरतो, कारण फायदा माफकच होता आणि तोही तामिळनाडूच्या ग्रामीण भागात अधिक दिसला.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. तो या अभ्यासात नव्हता, पण एका संस्थेची कार्यकर्ती आमच्याकडे वर्षभर येत होती. पहिले दोन महिने तो तिच्यासमोर आलाही नाही. ती आईशी भाजी निवडत बोलत बसे. एक दिवस तो स्वतःहून पाणी घेऊन आला. पुढे तिने त्याला एस.टी.चे तिकीट स्वतः काढायला शिकवले, सुटे पैसे मोजून हातात ठेवून. औषधे जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टरच देत होते आणि त्यांचे ऋण मोठे आहे, पण ते तिकीट कोणत्याही दवाखान्यात शिकवले जात नाही.

मेळघाटची:
मी वेगळ्या बाजूने विरोध नोंदवते. संगाथच्या पुढाकाराने अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात ही लहान गोष्ट नव्हे. मी मात्र दुसऱ्याच एका प्रकल्पात गावपातळीवर काम केले. तीन वर्षांनी निधी संपला. एका आठवड्यात निरोप आला की भेटी बंद करा. ज्या बाईने दोन वर्षांनंतर प्रथमच मला सांगितले होते की तिने विहिरीच्या काठावरून माघार घेतली, तिला मी काय सांगायचे होते? तिचा नवरा अजून बाजारात भेटला की विचारतो, ताई, पुन्हा कधी येणार? कार्यकर्तीला कायम पद नसेल, तर तिच्या यशाचे आकडे गावासाठी निरुपयोगी आहेत.

मांडवीकाठ:
ताई, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते सरकारने द्यायचे आहे.

पंचगंगा सरांना मात्र आणखी एक गोष्ट दाखवावीशी वाटते. पुढच्या अभ्यासात गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत आठवड्यातून एकदा अशा सहा ते आठ बैठका घेतल्या गेल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. तेथे समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत आणि सहकारी समुपदेशक त्या ऐकून एकमेकांना गुण देत. आपण मध्येच कुठे बोललो, रुग्णाला गप्प बसू दिले का, हे सहकाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. माझ्या मते संगाथची खरी कमाई ही आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाला काम देणे अनेकांना जमले आहे, त्या कामाचा दर्जा टिकवण्याची अशी रीत मात्र फार थोड्यांनी बसवली. ‘स्वस्त मनुष्यबळ’ म्हणून ही कल्पना उचलणाऱ्या अधिकाऱ्यांनी ऐकण्याचा हा तास पहिल्यांदा कापला, तर ‘हे केवळ संशोधन’ हा सरांचा आक्षेप खरा ठरेल.

पंचगंगा:
त्या तासाबद्दल मी आपल्या बाजूने आहे. तरीही आधी डॉक्टरांची रिक्त पदे आणि मग समुपदेशक, हा माझा क्रम कायम आहे.

मेळघाटची:
सर, दोन्ही पदे एकाच आदेशात का मंजूर होऊ नयेत?