मदत हवी आहे: कढीपत्त्यावरच्या अळ्या वाचवू की बुलबुलला खाऊ देऊ?

नमस्कार मंडळी, राहायला घोडबंदर रोडला, पाचवा मजला, बाग म्हणजे काय तर किचनच्या ग्रिलमध्ये ९ कुंड्या. मागच्या वर्षी ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघून आलो आणि लेकीने डोकं खाल्लं की आपल्याकडे पण यायला पाहिजेत, म्हणून घाणेरी, सदाफुली, जास्वंद असं सगळं लावलं. यायची, दोन मिनिटं बसायची, जायची. यंदा पाऊस सुरू झाला तशी एक काळी-पिवळी लाइम बटरफ्लाय घाणेरीकडे ढुंकूनही न बघता थेट सासूबाईंच्या कढीपत्त्यावर घिरट्या घालायला लागली. काही दिवसांनी पानांवर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, पुसायला गेले तर शीट चालायला लागली!!

आता त्या मोठ्या होऊन हिरव्यागार झाल्यात, हात लावला की डोक्यातून लाल शिंगं काढतात आणि वास मारतात. ११ होत्या. कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्यात, सासूबाई विचारतायत फोडणीत काय अळ्या घालू का. तेही निभावलं असतं, पण सोमवारपासून शिपाई बुलबुलची जोडी रोज सकाळी सातला खानावळ लावल्यासारखी हजर. आता ७ उरल्या. लेक रडते. आणि पाण्याचं भांडं मीच ठेवलंय त्यांच्यासाठी, आता हाकलू कुठल्या तोंडाने?

कुंडी झाकू का? बरणीत घरात घेऊ का? पानं संपली तर खायला काय देऊ? लवकर सांगा, निंबोळी तेलाची बाटली माळ्यावरून खाली आलीये.

कुंडीवाली_ऐरोली: तेल आधी माळ्यावर परत ठेव गं बाई! पानं लिंबाची किंवा बेलाची चालतात, एकाच कुळातली आहेत. पण ओळखीच्या झाडाची आण, मी फुलवाल्याकडून बेल आणला होता, फवारलेला असणार, दोन दिवसात चारही अळ्या गेल्या. बरणीला घट्ट झाकण नको, कापड बांध, विष्ठा रोज काढ नाहीतर बुरशी धरते.

येऊरच्या_पायथ्याशी: बुलबुलला कशाला व्हिलन करताय, पिल्लं असतील कुठेतरी, त्यांना किडे-अळ्याच भरवतात. अकराच्या अकरा जगल्या असत्या तर काड्यासुद्धा राहिल्या नसत्या. जुनी मच्छरदाणी अर्ध्या झाडाला बांधा, अर्धं त्यांना सोडा. आणि एक, अळी पूर्ण वाढली की झाड सोडून चालू पडते, गायब दिसली म्हणजे खाल्लीच असं नाही. कुंडीच्या कडेला, ग्रिलच्या सळईला शोधा, कमरेला दोरा बांधून तिरका टेकलेला कोष दिसेल. ब्लू मॉरमॉन, आपलं २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू, तेही लिंबाच्याच कुळावर अंडी घालतं, तेव्हा एक लिंबाचं रोप घ्याच. सासूबाईंचा कढीपत्ता सुटेल.

धागाकर्ती: थँक्यू दोघांना! मच्छरदाणी बांधली, ५ आत आहेत. उरलेल्या दोन बुलबुलने खाल्ल्या असंच धरून चाललो होतो, पण आज एक कोष सापडला आणि तोही सासूबाईंनाच, ग्रिलमध्ये उभ्या ठेवलेल्या खराट्याच्या काडीवर. आता खराट्याला कुणाला हात लावू देत नाहीयेत. काडी कापून हलवली तर चालेल का?

येऊरच्या_पायथ्याशी: नका हलवू. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, नवीन खराटा आणा.